मोकळा भूखंड: आधी शर्ती, मग नकाशा

छोट्या शहराच्या मधोमध पालिकेच्या मालकीची एखादी जागा वर्षानुवर्षं पडून असते. शाळा दुसरीकडे गेली, डेपो हलला, गोदाम बंद पडलं, आणि मागे कुंपण आणि झुडपं उरली. एक दिवस पालिका जाहीर करते की इथं काय व्हावं ते नागरिकांनी सांगावं. सभा भरते. भिंतीवर रंगीत नकाशा टांगलेला असतो, माइक हातात घेऊन पंधरा-वीस जण बोलतात, कारकून टिपून घेतो. काही वर्षांनी पाहावं तर जागा तशीच असते, नाहीतर ज्याचं त्या सभेत नावही निघालं नव्हतं असं काहीतरी तिथं उभं असतं.

याला दरवेळी कुणाची बदनियत कारणीभूत असते असं मला वाटत नाही. लोकांना नकाशाबद्दल मत विचारलं जातं आणि शर्ती लिहायला कुणी बसवत नाही, हे खरं कारण. नकाशा आर्किटेक्ट बदलला की बदलतो, पैसे कमी पडले की बदलतो. पण ‘शाळेकडे जाणारी पायवाट किमान ३ मीटर रुंद असेल आणि दिवसरात्र उघडी राहील’ असं आकड्यात लिहून ठरावाला जोडलेलं असेल, तर ते मोडायला कुणालातरी सही करावी लागते. त्या शर्तपत्रापर्यंत कसं पोचायचं, एवढंच इथं लिहितो आहे.

पहिलं पान पालिकेनं लिहायचं, तेही पहिल्या बैठकीच्या आधी. अमेरिकन अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. नुसती माहिती देणं, मत विचारणं आणि समजूत घालणं या तिच्या मधल्या पायऱ्या, आणि त्यांना त्यांनी दिखाऊ सहभागच म्हटलं. खरी भागीदारी त्यांच्या वर सुरू होते. आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत हे त्या पानावर साध्या वाक्यांत यायला हवं. काय आधीच ठरलेलं आहे (उदाहरणार्थ, एक चतुर्थांश जागा पाण्याच्या टाकीला जाणार), काय लोकांनी ठरवायचं आहे, अंतिम निर्णय कोण आणि कोणत्या महिन्यात घेणार, जागेतून किती पैसे परत यावेत अशी पालिकेची अपेक्षा आहे. हे शेवटचं वाक्य लिहायला प्रशासन सगळ्यात जास्त कचरतं. ते लिहून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण सहा महिन्यांची मेहनत ‘हे परवडत नाही’ या एका वाक्यावर वाया जाते ती इथंच.

शर्ती लिहिणारी नागरिकांची समिती बनवताना खुर्च्यांची मोजदाद आधी करा. बोस्टनच्या डडली स्ट्रीट भागात १९८४ साली पडीक जागांसाठी संस्था उभी राहत होती. पहिल्या आराखड्यात रहिवाशांना नावापुरत्या जागा होत्या. लोकांनी भर सभेत हरकत घेतली आणि संचालक मंडळात रहिवाशांचं बहुमत करून घेतलं. पुढे १९८८ मध्ये त्या संस्थेला त्या भागातली मोकळी जमीन सक्तीनं संपादित करण्याचा अधिकारही मिळाला. समिती १२ ते १५ जणांची पुरते, त्याहून मोठी झाली की कामं अंगावर घेणारं कुणी उरत नाही. शेजारच्या भूखंडांचे मालक आणि बांधकाम व्यावसायिक जरूर असावेत, पण प्रत्येकानं आपला हितसंबंध पहिल्याच बैठकीत लेखी द्यावा आणि त्या मुद्द्यावर मतदानातून बाहेर राहावं. हे नंतर मागितलं की भांडण होतं, सुरुवातीलाच सगळ्यांकडून घेतलं की कुणाला काही वाटत नाही.

जमिनीला आधी विचारा

लोकांना विचारण्याआधी जमिनीचा अभ्यास पूर्ण हवा. हा क्रम उलटा झाला की लोक जिथं वाचनालय मांडतात, तिथून नेमकी मुख्य गटार वाहिनी जात असते.

सुरुवात कागदांपासून करा. जागा पालिकेची आहे हे सगळे म्हणतात, पण ती पालिकेकडे आली कशी हे पाहा. दान मिळालेल्या जमिनीच्या दानपत्रात ‘शाळेसाठीच’ अशी अट असू शकते, आणि वापर बदलला तर दात्याचे वारस जमीन परत मागू शकतात. जुना भाडेपट्टा, तारण, चालू दावा, शेजाऱ्यांचा वहिवाटीचा रस्ता, विकास आराखड्यातलं आरक्षण या पाच गोष्टींची उत्तरं लेखी मिळवा. तोंडी ‘काही अडचण नाही’ याला किंमत नाही.

मग मोजणी. हद्दीचे कोपरे, झाडं खोडाच्या घेरासह, चेंबरची झाकणं, विजेचे खांब, आणि दर अर्ध्या मीटर उंचीला एक समपातळी रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा. नकाशा १:२०० प्रमाणात काढून घ्या. एक हेक्टरचा, म्हणजे १०० मीटर बाय १०० मीटरचा भूखंड त्यात ५० सेंटिमीटर बाय ५० सेंटिमीटर होतो आणि टेबलावर मावतो. जमिनीखालच्या वाहिन्यांचे नकाशे प्रत्येक खात्याकडून वेगळे मागवा आणि चेंबर उघडून पडताळा; जुन्या वाहिन्या कागदावर एकीकडे आणि जमिनीत दुसरीकडे असणं नेहमीचं आहे. दुरुस्तीसाठी वाहिनीच्या दोन्ही बाजूंना पट्टा मोकळा सोडावा लागतो. तो ३ मीटरचा धरला आणि वाहिनी १०० मीटर लांब असली, तर ६०० चौरस मीटर जागेवर इमारत उभी राहणार नाही. तिथं पायवाट होते, बाग होते, आणि हे आधी कळलं तर नुकसानही नाही.

माती हा सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जाणारा भाग. आधी तिथं काय होतं ते जुन्या नकाशांतून आणि म्हाताऱ्या माणसांकडून काढा. गॅरेज, इंधनाची टाकी, कातडी कमावण्याचा धंदा, कचरा डेपो यांतलं काही असेल तर तपासणी टाळता येत नाही. एक हेक्टर जागेत २५ मीटरची चौकट टाकली की १६ चौकोन होतात. प्रत्येकात एक खड्डा, आणि जिथं जुनी टाकी किंवा कामाची शेड होती तिथं जास्तीचे. वरची माती आणि खालची माती यांचे नमुने वेगवेगळे द्या. शिसं, आर्सेनिक, तेलाचे अंश आणि जुने पत्रे असतील तर अ‍ॅस्बेस्टॉस तपासायला सांगा. खड्ड्यात विटांचे तुकडे, राख, प्लॅस्टिक लागलं तर तो भराव आहे. भराव सारखा खचत नाही, कुठं कमी कुठं जास्त खचतो, म्हणून त्यावरच्या इमारतीला खोल पाया लागतो. बाजारभावानं जमीन विकायला निघालेल्या पालिकेला हा खर्च उशिरा कळतो आणि मग काटछाट लोकांनी मागितलेल्या गोष्टींतच होते.

पाणी मुरण्याची चाचणी मात्र समिती स्वतः करू शकते. जिथं पाणी मुरवायचं आहे त्या खोलीवर ३० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल चौकोनी खड्डा घ्या. तो पाण्यानं भरून रात्रभर मुरू द्या, कारण कोरडी माती सुरुवातीला फसवा वेग दाखवते. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि पाणी तीन चतुर्थांश पातळीवरून एक चतुर्थांश पातळीवर यायला किती सेकंद लागले ते मोजा. ही उतरण १५० मिलिमीटरची असते. सेकंदांना १५० नं भागा. ४५ मिनिटं, म्हणजे २७०० सेकंद लागले, तर उत्तर मिलिमीटरला १८ सेकंद. असे दोन खड्डे, प्रत्येकात तीन वेळा, आणि सरासरी. चिकण मातीत हे पाणी तासन्‌तास हलत नाही. तिथं ‘शोषखड्डे करू’ म्हणून चालणार नाही, पाणी साठवायला तळं किंवा टाकी लागेल. किती मोठी? एक हेक्टरवर ५० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे ५०० घनमीटर, पाच लाख लिटर पाणी. सगळी फरसबंदी केली तर त्यातलं बहुतेक पाणी उताराच्या खालच्या घरांकडे धावतं. त्या घरातली माणसं पहिल्या बैठकीपासून समितीत असायला हवीत.

हे सगळं एका पारदर्शक कागदावर तीन रंगांत उतरवा: जिथं बांधताच येत नाही ते लाल, जिथं बांधणं महाग ते पिवळं, बाकी मोकळं. मूळ नकाशावर तो कागद ठेवला की निम्मे वाद सुरू होण्याआधीच मिटतात.

माणसं आणि टेबलं

‘तुम्हाला काय हवं?’ हा प्रश्न मला वाईट वाटतो. उत्तरं ठरलेली असतात: बाग, सभागृह, पार्किंग, पोहण्याचा तलाव. त्याऐवजी ‘तुम्ही रोज काय करता आणि कुठं अडतं?’ असं विचारा. मुलांना शाळा सुटल्यावर थांबायला सावली नाही, म्हाताऱ्यांना दवाखान्याच्या वाटेत बसायला जागा नाही, भाड्यानं राहणाऱ्या तरुण कुटुंबांना परवडणारं घर मिळत नाही. अडचण कळली की तिला दोन-तीन उपाय सापडतात. इमारतीचं नाव आधी आलं की एकच उपाय उरतो आणि त्यावर दोन गट पडतात.

त्याच वेळी मोजणीही करा. भूखंडाच्या प्रत्येक प्रवेशापाशी दर तासाला १५ मिनिटं उभं राहून जाणारे-येणारे मोजायचे, कामाच्या दोन दिवशी आणि सुट्टीच्या एका दिवशी, सकाळी सहा ते रात्री नऊ. स्त्री, पुरुष, मूल, वृद्ध, चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी असे पाच रकाने पुरतात. कुंपणातल्या भोकांपर्यंत गेलेल्या पायवाटा नकाशावर काढा, लोकांनी पायांनी दिलेलं ते मत आहे.

सभेला येणारे म्हणजे शहर नव्हे. यादी पाहून दर दहावं घर निवडा आणि तिथंच जा. दार उघडलं नाही म्हणून शेजारच्या घरी जाऊ नका, वेगळ्या वेळी त्याच दारी परत जा, नाहीतर दिवसा घरी असणाऱ्यांचंच मत गोळा होतं. दोन हजार घरांत अशी २०० उत्तरं नीट मिळाली तर साधारण सात टक्के इकडेतिकडे धरून आकडे विश्वासार्ह असतात. ‘५२ टक्के लोकांना दुकानं हवीत’ याचा अर्थ मग ‘मतं जवळपास सारखी विभागली आहेत’ एवढाच, आणि तसंच छापायचं.

मग प्रतिकृती. टोनी गिब्सन यांनी १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये रुळवलेली पद्धत आजही सगळ्यात सरळ आहे: परिसराची पुठ्ठ्याची प्रतिकृती करायची, तिच्याभोवती लोकांनी उभं राहायचं आणि बोलण्याऐवजी सूचनांच्या चिठ्ठ्या हव्या त्या जागी ठेवायच्या. चिठ्ठीवर नाव नसतं, म्हणून माइकला घाबरणारं माणूसही दहा चिठ्ठ्या ठेवून जातं. एखादी चिठ्ठी पटली नाही तर ती उलटी करून ठेवायची. उलटलेल्या चिठ्ठ्या नंतर वेगळ्या चर्चेला घ्यायच्या. तोपर्यंत कुणी कुणाचा अपमान केलेला नसतो.

१:२०० प्रमाणात उभं माणूस जेमतेम ८ मिलिमीटरचं आणि दोन मजली घर साडेतीन सेंटिमीटरचं होतं. ठोकळे त्याच मापात कापा, झाडांचे घेर खऱ्या वाढीचे धरा. प्रतिकृती एकसंध करू नका. दोन तुकड्यांत केली तर शाळेत, दवाखान्याबाहेर, बसथांब्यावर नेता येते. टेबलाशी सहा ते आठ जण, एक चालवणारा, एक लिहिणारा, वेळ अडीच तास. चालवणारा पालिकेचा अधिकारी नसावा आणि पुढाऱ्यांपैकीही नसावा. स्त्रियांचं एक टेबल, मुलांचं एक टेबल निदान एकदा तरी वेगळं ठेवा, आणि त्यांच्या चिठ्ठ्या मुख्य प्रतिकृतीवर जशाच्या तशा न्या. शेवटी चिठ्ठ्या ‘आत्ता’, ‘लवकरच’, ‘पुढे कधी’ अशा तीन रांगांत लावायच्या. ही वर्गवारी पुढे टप्प्यांचं वेळापत्रक बनते, म्हणून तिचा फोटो काढल्याशिवाय टेबल आवरू नका.

हट्टाला मापात बसवणं

चिठ्ठ्यांतून शर्ती करताना प्रत्येक मागणीला क्षेत्रफळ द्यावं लागतं, आणि इथं बऱ्याच गोष्टी आपोआप लहान होतात. एक मोटार अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर, असं लोक धरतात. पण आत यायला आणि वळायला दोन रांगांमध्ये सहा मीटरची वाट लागते. सगळं धरून एका मोटारीला २५ ते ३० चौरस मीटर जातात. चाळीस मोटारी म्हणजे हजार ते बाराशे चौरस मीटर, हेक्टरचा दहावा हिस्सा. हा तुकडा कागदाचा कापून प्रतिकृतीवर ठेवा. पार्किंगचा आग्रह धरणारेच मग तीस गाड्या पुरतील का याचा विचार करू लागतात.

उताराचंही तसंच. रस्ता आणि भूखंड यांच्यात दीड मीटरचा फरक असेल तर १:१२ उतारानं (१२ मीटर लांबीत १ मीटर चढ) १८ मीटरचा रॅम्प होतो, शिवाय मधले विसाव्याचे सपाट टप्पे. हा चाकाच्या खुर्चीला चढणारा सगळ्यात तीव्र उतार समजा. आरामात चढायचं तर १:२० हवा, म्हणजे ३० मीटर. एवढी लांबी प्रवेशापाशी मिळाली नाही तर नंतर बाजूच्या कोपऱ्यातून एखादा तीव्र रॅम्प चिकटवला जातो, ज्याचा वापर कुणालाच करता येत नाही. म्हणून शर्त ‘अपंगांसाठी सोय असावी’ अशी लिहू नका. ‘मुख्य प्रवेश सगळ्यांसाठी एकच असेल, उतार १:२० पेक्षा तीव्र नसेल, वाट १.८ मीटर रुंद असेल’ अशी लिहा. बसण्याबद्दलही आकडा द्या. सार्वजनिक जागांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कच्या चौकांचं चित्रीकरण करून दाखवलं की जिथं बसायला जागा आहे तिथं लोक बसतात, आणि एक ते तीन फूट उंचीचा कोणताही कठडा त्यांना चालतो. कठड्याची उंची ठरवायला वेगळा पैसा लागत नाही, पण शर्तीत नसेल तर तो चार फुटांचा होतो आणि त्यावर काटेरी पट्टी बसते.

पैशाचं गणित लोकांपासून लपवू नये. शंभराच्या हिशेबात मांडा. बांधलेली घरं-दुकानं विकून १०० येणार. बांधकामाला ६२, परवानग्या, तपासण्या आणि आर्किटेक्टला ९, व्याजाला ५, बांधणाऱ्याचा नफा १७. उरले ७, बांधणारा जमिनीला देऊ शकेल ती किंमत. आता लोकांना बाग आणि सभागृह हवं आहे आणि त्याचा खर्च १० आहे, तर जमिनीची किंमत उणे ३ होते. मग तीनच वाटा: पालिकेनं ३ घालायचे, मजले वाढवायचे, किंवा मागणी टप्प्यांत तोडायची. (हे आकडे फक्त समजण्यासाठी, आपले स्वतःचे काढा.) हा तक्ता टेबलावर ठेवल्यावर सामान्य माणसं फार समंजस तडजोडी करतात असा माझा पक्का विश्वास आहे. त्यांना तो दाखवलाच जात नाही.

कागद पक्का करणं

शर्तपत्र दहा-बारा पानांच्या पुढे नेऊ नका. प्रत्येक शर्तीपुढे ती कुठून आली (किती चिठ्ठ्या, कोणती मोजणी), आकडा काय, आणि ती ‘अटळ’ आहे की ‘शक्य तर’, हे तीन रकाने ठेवा. अटळ शर्ती आठ-दहाच असाव्यात. सगळंच अटळ असेल तर कशालाच वजन राहत नाही. न घेतलेल्या सूचनांची यादी कारणांसह सोबत छापा, बैठकीनंतर पंधरा दिवसांत. महिना उलटला की लोक गृहीत धरतात की चिठ्ठ्या फेकून दिल्या.

मग पालिकेच्या सभेत ठराव, आणि शर्तपत्र त्या ठरावाचं परिशिष्ट. निवडणुकीच्या तोंडावर हे ठेवू नका, निदान सहा महिने आधी मंजूर करून घ्या. पुढची निसटण्याची जागा म्हणजे निविदा. शर्तपत्र निविदेला जोडलं, पण गुण फक्त किमतीला दिले, तर सगळं व्यर्थ. गुणांची विभागणी ठरावातच यावी, उदाहरणार्थ दर्जा आणि शर्तींना ६०, किमतीला ४०. आणि अटळ शर्त न पाळणारी निविदा गुण न देताच बाद.

जमीन कुणाच्या हातात जाते यावर मात्र सगळं टिकतं. इंग्लंडमधल्या टॉटनेस या छोट्या शहरात बंद पडलेल्या दूध कारखान्याच्या जागेसाठी लोकांनी स्वतः आराखडा केला, २०१६ मध्ये सार्वमतात तो मोठ्या बहुमतानं मंजूर झाला. पण जागा खासगी मालकीची होती, नंतर ती तिसऱ्यालाच विकली गेली. मत मिळालं, मालकी मिळाली नाही. उलट लंडनच्या कॉइन स्ट्रीटवर १९८४ साली रहिवाशांच्या संस्थेनं १३ एकर जमीन त्या वेळच्या महानगर परिषदेकडून १० लाख पौंडांना घेतली. किंमत इतकी कमी असण्याचं कारण म्हणजे जमिनीवर काय बांधता येईल याच्या अटी दस्तातच घातलेल्या होत्या. ज्या जमिनीवर मोठी कार्यालयं बांधताच येत नाहीत, तिचा भाव कार्यालयांचा लागत नाही. पालिकेच्या जमिनीबाबत हा दरवाजा आपल्याला उघडा असतो. शक्यतो विक्री नको, दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा करा. मुदत इतकी हवी की बँक कर्ज देईल. त्यात लिहा: अमुक तारखेपर्यंत काम सुरू, अमुक तारखेपर्यंत पायवाट आणि मोकळी जागा खुली, नाहीतर जमीन परत. मोकळी जागा इमारतींच्या आधी किंवा सोबत झाली पाहिजे, ‘शेवटच्या टप्प्यात’ असं कधीही मान्य करू नका. शेवटचा टप्पा पैसे संपल्यावर येतो.

काम सुरू व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, तोवर जागा कुलूपबंद ठेवू नका. कॉइन स्ट्रीटच्या संस्थेनं मोठं बांधकाम होईपर्यंत एका भागात छोटी दुकानं आणि कारागिरांच्या कार्यशाळा चालवल्या. फिरती दुकानं, कुंड्यांतली भाजीबाग, मुलांचं मैदान, काहीही चालेल. फक्त प्रत्येकाला संपण्याची तारीख लिहिलेला परवाना द्या आणि माती दूषित निघाली असेल तर थेट जमिनीत खायचं काही लावू नका.

देखभालीचा तक्ता बांधकामाआधी तयार हवा: कोण झाडणार, स्वच्छतागृह दिवसातून किती वेळा धुतलं जाणार, नव्या झाडांना पहिली तीन वर्षं पाणी कोण घालणार, दिवा गेला तर किती दिवसांत लागणार, आणि पैसा कोणत्या खात्यातून. ज्या वस्तूपुढे नाव आणि खातं लिहिता येत नाही ती यादीतून काढा, कितीही चिठ्ठ्या पडलेल्या असोत. आणि खुलं झाल्यावर एका वर्षानं, त्याच प्रवेशांवर, त्याच तासांना, त्याच पाच रकान्यांचा कागद घेऊन पुन्हा मोजणी करा. ती तारीख आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांसाठी राखून ठेवलेली रक्कम, दोन्ही शर्तपत्रातच लिहिलेली असू द्या.